जांभळी मतपेटी

१

शनिवारी सकाळी प्रेस्टन ओयालानं ब्रेनन फोर्क गावची मतपेटी उघडली आणि पटकन दोन पावलं मागं सरकला.

प्रेस्टन हा काउंटीचा निवडणूक अधिकारी. त्याच्या दोन बाजूंना दोन पक्षांचे दोन साक्षीदार उभे होते, आणि ते वाटेतही एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. पेटीतली पाकिटं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. ती वीट गडद जांभळी होती.

"हे तुमच्या लोकांचं काम," पहिला साक्षीदार म्हणाला.

"आमच्या? पेट्या आणायचं खूळ तुमचं. आता भोगा."

लॉर्ना सॅथर पोचली तेव्हा पेटी बसवलेल्या अग्निशमन केंद्रासमोर दहा-बारा पिकअप गाड्या उभ्या होत्या, आणि माणसं दोन टोळ्या करून एकमेकांकडं बघत होती. शेरीफच्या कचेरीतला सगळा तपास लॉर्नाच एकटी करायची. तिनं हातमोजे घातले, विटेची कड बोटानं खरवडली आणि वास घेतला. जनावरांच्या जखमेवर लावायचं जांभळं औषध. अमेरिकेतल्या मोंटाना राज्याच्या या कोपऱ्यात ज्याच्या दारात एखादं जनावर आहे, त्याच्या घरात ही बाटली असतेच. त्यावरून गुन्हेगार शोधायचा म्हणजे अर्धी काउंटी पकडावी लागली असती.

भांडण मार्चपासून पेटलेलं होतं. काउंटीचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या कमिशनरांनी ब्रेनन फोर्कच्या जुन्या शाळेतलं मतदान केंद्र बंद केलं आणि घरोघरी टपालानं मतपत्रिका पाठवायचं ठरवलं. भरा, सही करा, टपालात टाका नाहीतर या पेटीत. ज्याला स्वतः उभं राहूनच मत द्यायचं असेल त्यानं तासभर खडीचा रस्ता तुडवून काउंटीच्या कचेरीत जावं. तेव्हापासून हॉटेलात शेजारी शेजाऱ्याच्या टेबलावर बसेना. प्रेस्टनच्या घराच्या दारावर कोणीतरी मेलेला साप टांगला होता.

"पेटी शेवटची कधी रिकामी केलीस?" लॉर्नानं विचारलं.

"बुधवारी संध्याकाळी." प्रेस्टन म्हणाला. "लॉर्ना, मला हे नकोच होतं गं. दिवसभर फोन. मत चोरता का, मेलेल्यांना मतपत्रिका पाठवता का. परवा तर एक बाई विचारत होती, पाऊस आला तर पेटीत पाणी जाईल का, आणि मत भिजलं तर नवीन मिळेल का."

"मग मिळेल का?"

"मिळेल की. पाकिटावर नाव असतं. ज्याचं खराब झालं त्याला नवीन देणार, मंगळवारच्या मतदानाच्या आत."

लॉर्ना खाली वाकली. विटेच्या मधोमध एका पाकिटाची कड बाहेर आली होती, आणि तिच्यावर अडखळत, वाकडीतिकडी उमटलेली सही होती. ती सही लॉर्नानं कुठंही ओळखली असती. तिच्या आयडा मावशीची. मावशी अंथरुणाला खिळलेली, नाकात प्राणवायूची नळी. ती सही करायला म्हातारीनं पूर्ण दुपार घालवली होती, आणि गुरुवारी सकाळी उशिरा ते पाकीट लॉर्नानंच स्वतःच्या हातानं या पेटीत टाकलं होतं.

२

"पेटीविरोधकांच्या त्या वेड ट्रनेलला उचल," शेरीफ म्हणाला. "काल रात्रीच्या सभेत तो भर लोकांत म्हणाला, त्या पेटीत मी शेण भरीन. दोनशे माणसांनी ऐकलंय. अजून काय पाहिजे तुला?"

"साहेब, त्यानं शेण म्हटलं होतं."

"लॉर्ना."

"आणि वरची पाकिटं बघा."

तिनं ती वेगळी काढून टेबलावर मांडली होती. विटेच्या डोक्यावर पडलेली ही थोडी पाकिटं खालून-वरून पांढरी स्वच्छ होती, जांभळा ठिपकासुद्धा नाही. म्हणजे ती आत पडली तेव्हा खालचं औषध वाळून खडखडीत झालेलं होतं. त्यातलं एक पाकीट पाद्री हॅलवर्सनचं. लॉर्नानं त्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, शुक्रवारी दुपारी जेवणाआधी टाकलं.

"सभा शुक्रवारी रात्री झाली," ती म्हणाली. "तोवर औषध ओतून, वाळून, वर पाद्रीबाबांचं मत पडलेलं होतं. माझ्या मावशीचं पाकीट भिजलं, ते मी गुरुवारी टाकलं. एवढा गठ्ठा वाळायला अख्खी रात्र लागते, म्हणजे ओतलं ते गुरुवारी, दुपारी केव्हातरी."

"वेड गुरुवारी ओतू शकतोच की."

तो ओतू शकत नव्हता. बुधवारपासून शुक्रवार दुपारपर्यंत वेड बिलिंग्जच्या गुरांच्या बाजारात होता, आणि त्याची साक्ष द्यायला अर्धा बाजार तयार होता. तरी लॉर्ना त्याच्या वाड्यावर गेली, कारण तिला एक कोडं सुटत नव्हतं. तसलीच दुसरी पेटी घेऊन तिनं फटीतून पाणी ओतून पाहिलं होतं. फटीच्या आत पत्रा वाकवून बसवलेला होता. पाणी त्यावर आपटून उलटं बाहेर आलं आणि पेटीच्या तोंडावरून खाली ओघळलं. ब्रेनन फोर्कच्या पेटीवर मात्र बाहेरून एक थेंब नव्हता.

वेड कुंपणाची तार ताणत होता. त्यानं मान वर केली नाही.

"बेड्या आणल्यास का?"

"नाही. एक विचारायचंय. वाकडीतिकडी जाणारी बारीक नळी, लांब, वर औषध भरायला पिचकारी. तुझ्याकडं आहे?"

"वासराला पाजायची आहे." त्यानं गोठ्याच्या भिंतीवरची नळी काढून तिच्या पायाशी टाकली. ती अंगठ्याएवढी जाड आणि ताठ होती. "घाल त्या फटीत. गेली तर मी तुझ्याबरोबर येतो."

ती जाणार नव्हती हे बघूनच कळत होतं.

"तू म्हणतेस तसली बारीक नळी कोकराची," वेड म्हणाला. "अशक्त कोकराच्या पोटात दूध सोडायला वापरतात. मी मेंढरं पाळत नाही. या खोऱ्यात ती एकाच घरी आहेत." तो पहिल्यांदा हसला, आणि ते हसू बघायला बरं नव्हतं. "ज्यानं ही पेटी आमच्या डोक्यावर आणून बसवली ना, त्याच्याच घरी."

३

गेलॉर्ड टॉलरुड हा तीन वेळा निवडून आलेला कमिशनर, आणि मंगळवारी चौथ्यांदा उभा होता. शाळेतलं केंद्र बंद करायचा ठराव त्याचा. म्हाताऱ्याकोताऱ्यांना घरबसल्या मत देता यावं, असं तो प्रत्येक सभेत सांगे, आणि आयडा मावशीचं उदाहरण नावानिशी देई. मावशीला त्याचा राग येत असे. "मी काय त्याच्या प्रचाराची पाटी आहे का?" ती म्हणायची. पण टपाली मत तिला हवं होतं. त्यावाचून तिचं मत अंथरुणातच मेलं असतं.

आपल्याच पेटीत औषध ओतून वेडच्या माथी मारायचं, आणि मतदानाच्या तोंडावर विरोधक गुंड ठरवायचे. हिशेब वाईट नव्हता. वेडची माणसं दुपारपासून गावात हेच बोलत होती.

गेलॉर्डनं लॉर्नाला स्वयंपाकघरात बसवलं. त्याची बायको मारित कॉफी ओतत होती. उंच, हाडकुळी बाई, केस घट्ट मागं बांधलेले. भिंतीपाशी कोकरांच्या बाटल्या धुऊन ओळीनं पालथ्या घातल्या होत्या.

"माझ्यावर संशय?" गेलॉर्ड म्हणाला. "छान. आणि वेड मोकळा फिरतोय."

"वेड बिलिंग्जला होता. तुम्ही गुरुवारी दुपारी कुठं होता?"

"कमिशनच्या बैठकीत. सकाळपासून दिवे लागेपर्यंत. कॅमेरा चालू होता, काउंटीभर लोक बघत होते. खुर्चीवरून उठलोसुद्धा नाही. प्रेस्टन शेजारीच होता, फोनला तेवढा बाहेर जायचा."

हे लॉर्नाला आधीच ठाऊक होतं. तिला फक्त तो कसा सांगतो ते बघायचं होतं.

"मारितबाई, तुम्ही मत दिलंत का?"

"आमची दोन्ही मतं गुरुवारी सकाळी जाताना मीच टाकली," गेलॉर्ड म्हणाला. "आमचीही नासली की. स्वतःचं मत कोण नासवेल?"

"मी त्यांना विचारलं."

मारितनं कॉफीचं भांडं शेगडीवर ठेवलं. "गेलॉर्डनं टाकलं," ती म्हणाली.

"तुमच्याकडं कोकरांची नळी असेल ना?"

"मेंढरांचं सगळं मारित बघते," गेलॉर्ड म्हणाला. "पण नळी-बिळी राहू दे. ऐक, लॉर्ना. सोमवारपर्यंत मला कोणीतरी कोठडीत हवंय. नाहीतर पुढच्या वर्षी तुझ्या पगाराचा विषय बैठकीत येईल तेव्हा मी गप्प बसेन असं समजू नकोस."

लॉर्ना उठली. दारापर्यंत सोडायला गेलॉर्ड आला नाही, मारित आली. पायरीवर ती हळूच म्हणाली, "आयडाबाईंचंही होतं का त्यात?"

"होतं."

मारितचा चेहरा एकदम उतरला. मग तिनं दार लावून घेतलं.

४

नोरीन आबप्लानाल्प पोस्टाच्या वरच्या खोलीत राहायची. पाळीव म्हणावं असं तिच्याकडं एक मांजरसुद्धा नव्हतं. जुन्या शाळेतल्या मतदान केंद्राची ती वर्षानुवर्षं प्रमुख होती, आणि केंद्र बंद झाल्यापासून तिनं प्रेस्टनला रस्त्यात गाठून तीनदा शिव्या घातल्या होत्या.

"मी केलं असतं तर कुऱ्हाडीनं केलं असतं," ती म्हणाली. "आणि त्या पेटीवर उभी राहून तुझी वाट बघितली असती. बस."

लॉर्ना बसली. "नोरीनबाई, एका पेटीपायी एवढा राग? लोकांची सोय होते."

"सोय. सोय तर सगळ्याचीच होते." म्हातारीनं खुर्ची पुढं ओढली. "तुला वाटतं मी तिथं फक्त नावं तपासायची? अगं, एखादा नवरा बायकोमागोमाग पडद्याआड शिरायला बघायचा. मी म्हणायची, एका वेळी एक, भाऊ. कॉफी घ्या तोवर. कोणाचा बाप, कोणाचा मालक, कोणाचा पाद्री, सगळे माझ्या टेबलाच्या अलीकडं थांबायचे. आता स्वयंपाकघरात कोण थांबवतंय त्यांना?"

"असे किती असतात?"

"तुला किती पाहिजेत? बाकीच्यांचं काम चटकन व्हायचं. पण मारित टॉलरुड घे. ती पडद्याआड गेली की बाहेरच यायची नाही. एवढ्याशा गावातल्या निवडणुकीला काय एवढं वाचायचं असतं? गेलॉर्ड बाहेर गाडीत हॉर्न वाजवायचा. मला वाटायचं, बिचारीला वाचायला चष्मा लागत असेल. पण बाहेर यायची ती तोंड धुऊन आल्यासारखी."

लॉर्ना जिना उतरून रस्त्यावर आली. बाहेर रविवारचं स्वच्छ ऊन पडलं होतं. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता. सप्टेंबरपासून पावसाचा थेंब नाही, गवत काडीसारखं वाळलेलं, वणव्याच्या भीतीनं शेकोट्यांवरही बंदी. आणि अशा आभाळाखाली एका बाईनं प्रेस्टनला फोन करून विचारलं होतं, पाऊस आला तर पेटीत पाणी जाईल का.

तिनं गाडीतूनच प्रेस्टनला फोन लावला. "पावसाचं विचारणाऱ्या बाईचा फोन कधी आला होता?"

"गुरुवारी. बैठक चालू होती, मी बाहेर जाऊन घेतला. जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी. का गं?"

"आणखी काही विचारलं तिनं?"

"हो. आधी विचारलं, पेटीत टाकलेलं मत परत मागता येतं का. मी म्हटलं, नाही, एकदा टाकलं की टाकलं. मग पावसाचं काढलं."

गेलॉर्डनं दोन्ही पाकिटं गुरुवारी सकाळी टाकली होती. आज रविवार, आणि तो प्रार्थनेनंतर चर्चच्या सभागृहात प्रचार करत बसलेला असणार. लॉर्नानं गाडी वळवली.

५

मारित मेंढवाड्यात होती. लॉर्नाला बघून ती दचकली नाही. हातातली बादली खाली ठेवून तिनं एप्रनला हात पुसले.

"मी उद्या येणारच होते तुझ्याकडं," ती म्हणाली. "आयडाबाईंचं ऐकल्यापासून माझा डोळा लागलेला नाही."

"वेडला अटक झाली असती तर?"

"तरीही आले असते. असं वाटतं. आता कसं सांगू."

लॉर्नानं तिला समज दिली की आता बोललेलं पुढं कोर्टात वापरलं जाईल, वकील मागता येईल. मारितनं मान हलवली आणि गवताच्या गासडीवर बसली.

"बुधवारी रात्री जेवण झाल्यावर त्यानं दोन्ही मतपत्रिका टेबलावर घेतल्या. आधी स्वतःची भरली. मग माझी भरली. मला विचारलं नाही, रागावला नाही, काही नाही. मी भांडी पुसत होते. पाकीट पुढं सरकवलं आणि म्हणाला, इथं सही कर."

"तुम्ही नाही म्हणाला नाहीत?"

"विम्याच्या कागदावर, गाडीच्या कागदावर, सगळीकडं तो इथं म्हणतो आणि मी करते. हात आपोआप गेला. सकाळी तो गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला की माझं मत गेलं."

"कोणाला द्यायचं होतं?" लॉर्नाच्या तोंडून निघून गेलं, आणि तिची तिलाच लाज वाटली. "माफ करा. ते मी विचारायला नको होतं."

"सांगते. तीन वेळा तो उभा राहिला आणि तिन्ही वेळा मी त्याच्या विरोधात मत दिलं." मारितचा आवाज सपाट होता. "त्यानं माझ्यावर कधी हात उचललेला नाही. लोकांना सांगायला काहीच नाही माझ्याकडं. पण या घरात कुठली गाय विकायची, कुठं दिवा लावायचा, मी कुणाकडं जायचं, सगळं तोच ठरवतो. शाळेतला तो पडदा तेवढा माझा होता. तिथं मी उगाच उभी राहायची, मत देऊन झाल्यावरसुद्धा. मग त्यानं तेही बंद केलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या."

"म्हणून तुम्ही सगळ्या गावाची मतं नासवलीत."

"नवीन मिळतं म्हणाला प्रेस्टन, म्हणून कोकराची नळी घेऊन गेले. वाटलं, सगळ्यांनाच मिळेल, कोणाचं काही जाणार नाही. आणि मला माझं मिळेल. मग मी कचेरीत जाऊन देईन. एकटीनं." ती थांबली. "आयडाबाईंच्या हाताचं मला सुचलंच नाही. माणूस स्वतःचं रडत असला की दुसऱ्याचं दिसत नाही."

लॉर्नाला तिची दया येत होती आणि त्याच वेळी तिच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती.

"हा गंभीर गुन्हा आहे, मारितबाई. तुरुंग होऊ शकतो."

"माहीत आहे," मारित म्हणाली. "मंगळवारनंतर धरशील का?"

६

लॉर्नानं तिला त्याच दिवशी पकडलं. सोमवारी न्यायाधीशानं जामीन दिला. गुन्हा अजून शाबीत झालेला नव्हता, त्यामुळं तिचा मताचा हक्क शाबूत होता.

बातमी फुटली तशी दोन्ही टोळ्या पिसाळल्या. वेडची माणसं म्हणाली, बघा, टपालाचं मत म्हणजे नवऱ्याचं मत. पेटीवाले म्हणाले, बघा, यांच्या भडकवण्यानं बायकासुद्धा गुन्हेगार झाल्या. आयडा मावशीचं काय झालं ते दोघांपैकी कोणीही विचारलं नाही. लॉर्नाला दोन्हीकडून शिव्यांची पत्रं आली.

सोमवारी दुपारी प्रेस्टन स्वतः नवीन मतपत्रिका घेऊन मावशीच्या घरी गेला. लॉर्नानं उशा लावून म्हातारीला बसवलं, हातात पेन दिलं आणि सगळं सांगितलं.

"मारित?" मावशी धापा टाकत म्हणाली. "त्या गेलॉर्डची?"

"हो."

"माझी एक दुपार तिनं मातीत घातली. माझ्याकडं किती दुपारी उरल्यात, पोरी?"

"ती माफी मागायला यायचं म्हणतेय."

"नको. माफ करणार नाही मी. तुरुंगात घाल तिला." म्हातारीनं दम खाल्ला. "पण आधी तिला मत देऊ दे. आणि आता तू बाहेर जा. बघत काय उभी राहिलीस?"

लॉर्ना अंगणात जाऊन उभी राहिली. आत हाक येईपर्यंत बराच वेळ गेला.

मंगळवारी काउंटीच्या कचेरीपुढं गर्दी होती. जामिनाच्या अटीप्रमाणं मारितला लॉर्नाच्याच गाडीतून आणायचं होतं. ती उतरताच कोणीतरी थुंकलं, दुसऱ्यानं घराणं काढलं. वेड ट्रनेल टोपी हातात धरून एका बाजूला उभा होता. नोरीन आतल्या टेबलाशी बसली होती, प्रेस्टननं तिला माणसं कमी पडली म्हणून बोलावलं होतं. तिनं मारितचं नाव तपासलं, कोरी मतपत्रिका दिली आणि कोपऱ्यातल्या आडोशाकडं बोट दाखवलं. एवढ्यात दारातून गेलॉर्ड आत आला.

"एका वेळी एक," नोरीन म्हणाली. "तिथंच थांबा."

तो थांबला. खोलीतले सगळे थांबले. आडोशाखाली मारितचे बूट दिसत होते, आणि ते बराच वेळ हलले नाहीत.

बाहेर आल्यावर तिनं आपली मतपत्रिका पेटीत सोडली. गेलॉर्ड तिच्या वाटेत उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. गेल्या दोन दिवसांत गावानं त्याला काय काय ऐकवलं होतं ते त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

"कोणाला दिलंस?" तो खालच्या आवाजात म्हणाला.

मारितनं कोटाची बटणं लावली.

"तीस वर्षांत हे तू मला पहिल्यांदा विचारलंस," ती म्हणाली, आणि उत्तर न देता त्याच्या बाजूनं बाहेर निघून गेली.